पालमचा शिंपी आणि माझं रडणं

मामा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलो आहे. माझ्या उशिराचं तुम्हाला नवल वाटणार नाही. दिवाळीचा सदरा न्यायला मी पाडवा उलटल्यावर पालमला उगवायचो आणि तुम्ही म्हणायचात, "आता पुढल्या दिवाळीलाच घाल." पण हा उशीर सदऱ्याचा नाही. तुमच्या मातीला मी आलो नव्हतो. फोन लागला नाही म्हणून भाचा आला नाही, असं सगळे सोयरे आजही समजतात. खरं काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि मामींना. ज्या माणसाकडून मी रडायला शिकलो त्याच्यासाठी रडायची वेळ आली, तेव्हा मी भलतंच काही करून बसलो. आणि रडण्यावर तर माझं पोट, माझं नाव, दिवाणखान्यातल्या त्या सगळ्या बक्षिसांच्या ढाली आणि बाहुल्या. ते एकदा तुमच्यापुढे कबूल करायचं आहे. त्याआधी आभार मानायचे आहेत, कारण ते पुष्कळ जास्त आहेत.

मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या गावी, झरीला, घरामागच्या लिंबाखाली ज्वारीचं धपाटं खात उभा होतो आणि एक कावळा त्या धपाट्यावर झेपावताना माझ्या डोक्यावर बसला. बसला म्हणजे क्षणभर टेकला. धपाटं घेऊन गेलासुद्धा. मला धपाट्याचं वाईट वाटलं, पण माय दारातून बघत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. आपल्याकडे डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं म्हणतात. त्यावर उपाय एकच. त्याच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातलगाला पोचवायची. नातलग खरं समजून रडला, की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते आल्या वाटेनं परत जातं. आता रडणार कोण, यावर माय दिवसभर विचार करत बसली. माझा चुलता कोरडा ठणठणीत, त्याच्या डोळ्यांतून कांदा चिरतानाही पाणी यायचं नाही. आत्या रडली असती, पण तिचं रडणं सगळ्या गावाला सांगत सुटणारं. शेवटी माय म्हणाली, "माजा भाऊच खरा रडंल." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पालमच्या बाजूला निघालेल्या एका माणसाजवळ तिनं निरोप दिला, की भाचा गेला.

तुम्ही आलात तेव्हा उन्हं उतरली होती. पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी, परभणीहून झरी, तीन गाड्या बदलून आलात. मला आतल्या खोलीत कोंडलं होतं आणि मी दाराच्या फटीला डोळा लावून उभा आहे. मला वाटतंय, आता तुम्ही छाती बडवाल, जमिनीवर लोळाल, कारण मोठी माणसं तशी रडताना मी बघितली होती. तुम्ही यातलं काहीच करत नाही. ओट्याच्या कडेला बसता. मशीनवरून तसेच उठून आलेले असता, मापाची टेप गळ्यातच राहिलेली आहे. ती तुम्ही काढता आणि डाव्या हाताच्या चार बोटांवर गुंडाळायला लागता. अगदी सारखी, एकावर एक, दुकान बंद करताना गुंडाळावी तशी. शेवटचं टोक आलं की सगळी सोडता आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळता. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते पुसायला हात मोकळा नाही. मी त्या फटीतून ते बघितलं आणि मी मेलोय याचं मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं.

मायला ते बघवेना. तिनं दार उघडून मला ओढतच बाहेर आणलं. "जिता हाय रे भाऊ, जिता हाय. डोक्यावर कावळा बसला व्हता, म्हनून सांगाया लावलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता एक कानशिलात बसणार. मायनं तुमच्या खांद्यावर हात ठेवला, "झालं, आता गप बस," म्हणाली. तुम्ही तिचा हात बाजूला केलात. "थांब अक्का. रडू दे पुरतं. अर्धं रडलं तर लागू व्हत न्हाई." आणि जित्याजागत्या भाच्याला समोर उभं करून, त्याच्या तोंडाकडे बघत, उरलेलं सगळं रडून घेतलंत. मग हातपाय धुतलेत, चहा मागितलात, आणि चहा पोटात गेल्यावर मायला असं फैलावर घेतलंत की शेजारचे लोक खरंच कुणी गेलं की काय म्हणून बघायला आले. "तीन गाड्या बदलल्या मी, अक्का. तीन. दर गाडीत नवं मानूस शेजारी बसायचं आन इचारायचं, काय झालं म्हनून. तीनदा सांगितलं मी की भाचा गेला." माय पदर तोंडाला लावून ऐकत होती.

तुमच्या पिशवीतून मांजरपाटाचं कोरं कापड निघालं, ते मला अजून लख्ख आठवतं. शिंपी माणूस, रिकाम्या हातानं कसे येणार? भाच्याला शेवटचं पांघरायला घेऊन आला होतात. माय म्हणाली, ते आधी घराबाहेर काढ, नदीत सोड. तुम्ही ऐकलं नाहीत. मला समोर उभं केलंत आणि ज्या टेपेवर तुमचं पाणी सांडलं होतं तिनंच माझं माप घेतलंत, छाती, खांदा, बाही. "कापडाला काय ठावं, ते कुनासाठी फाडलंय? सदरा शिवला की सदरा." आठ दिवसांनी सदरा आला. मायनं तो तीन वेळा उंबऱ्यावरून ओवाळून मगच मला घालू दिला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पहिलं नाटक मी त्याच सदऱ्यात केलं आणि खरं सांगतो, तेव्हा मला आपण कुणीतरी फार जपलेला माणूस आहोत असं वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आलो होतो. कापड दुकानासमोरच्या पत्र्याखाली तुमची मशीन. चार गिऱ्हाइकं बसलेली, तुम्ही आत कापड आणायला गेलेले, आणि मी त्यांना हसवायला म्हणून तुमची नक्कल सुरू केली. मामा कसे रडले! तोंड वाकडं केलं, नाक ओढलं, हुंदके काढले. माणसं पोट धरून हसायला लागली. तुम्ही केव्हा मागे येऊन उभे राहिलात मला कळलंच नाही. हसणारे एकदम गप्प झाले तेव्हा मी वळलो. तुम्ही रागावला नव्हतात, निदान तसं दिसत नव्हतं. म्हणालात, "नक्कल करायलास तर पुरी कर. मी त्वांड वाकडं केलं न्हवतं. मी टेप गुंडाळत व्हतो. बगितलं न्हवतंस का?" मी मान खाली घालून म्हणालो, बघितलं होतं. "मग जे बगितलं ते दाखव. बगितलं न्हाई ते लोकांला हसवाया जोडू नको." आणि गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिलीत. त्या चार गिऱ्हाइकांसमोर मी ती बोटांवर गुंडाळली. कुणी हसलं नाही. तुम्ही मशीनवर बसलात आणि राहिलेली बाही जोडायला घेतलीत.

मुंबईत मला पुढे मोठमोठ्या लोकांनी शिकवलं, त्यांचा मान ठेवून सांगतो, यापेक्षा जास्त कुणी शिकवलं नाही. परभणीच्या कॉलेजातून एकांकिका करत करत मी तिकडे गेलो आणि बारा वर्षं हवालदार, शिपाई, गडी आणि दुधवाला झालो. एका दिग्दर्शकानं मला चारचौघांत सांगितलं, आधी तोंडातली माती काढा मग बोला. मी आरशापुढे उभा राहून 'नाही, नाही' असं शुद्ध घोकायचो आणि कॅमेरा सुरू झाला की तोंडातून 'न्हाई'च निघायचं. मग तो सिनेमा मिळाला. कापसाच्या जिनिंगवरचा म्हातारा पहारेकरी, त्याला सकाळी सकाळी येऊन सांगतात की तुझा पोरगा गेला. लिहिलेल्या कागदावर पाऊण पान आक्रोश होता. पहारेकऱ्याच्या गळ्यात टेप कुठून येणार? मी हातात सुतळी मागून घेतली. बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दिग्दर्शक म्हणाला, वाक्यं विसरलात का? मी म्हणालो, न्हाई, नको वाटली. त्यानं खात्रीसाठी पाऊण पानाचा आक्रोशही करून घेतला, पण सिनेमात राहिली ती सुतळीच.

त्या दीड मिनिटानं माझं आयुष्य फिरवलं. त्यानंतर मला माझ्या तोंडानं बोलू द्यायला लागले. नटांच्या शाळेत तो प्रसंग दाखवतात, पोरंपोरी सुतळी गुंडाळून बघतात. परभणी, हिंगोली, नांदेडची पोरं भेटतात आणि म्हणतात, सर, तुमच्यामुळं आम्हाला आमचं बोलणं दडवावं लागलं नाही. मी मान हलवतो. आणि हे सुचलं कसं असं कुणी विचारलं की मी काय सांगत आलो, माहीत आहे? अभिनयावरच्या एका परदेशी पुस्तकात वाचलं होतं म्हणून! असं पुस्तक नाही, मामा. असलं तरी मी वाचलेलं नाही. पालमच्या एका शिंप्याचं नाव घ्यायला मला तेव्हा कमीपणा वाटला. तुमच्या मशीनवर मी वाढलो आणि लोकांत मात्र परदेशी पुस्तकाचा भाचा झालो. याची लाज मला पुष्कळ उशिरा वाटली.

तुम्ही तो सिनेमा गंगाखेडला जाऊन बघितलात. मी पालमला आलो ते हीच धास्ती घेऊन, की मामा ओळखतील आणि आता काय म्हणतील. दोन दिवस तुम्ही फक्त सदऱ्याबद्दल बोललात. "पहारेकऱ्याचा सदरा कुनी शिवला? खांदा दोन बोटं उतरला व्हता. मला तिथून पुढलं काय दिसंनाच." तिसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडायला आलात. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन, दुसरीकडेच बघत म्हणालात, "बोटं मातर बराबर." एवढंच. मी गंगाखेडपर्यंत एकटाच हसत होतो. आजवर मला जी काही बक्षिसं मिळाली त्यात मी ते पहिलं धरतो.

आता ते दुसरं, कबुलीचं. तेव्हापासून आपल्यात एक थट्टा सुरू झाली होती. मी निघालो की तुम्ही म्हणायचात, "येक डाव माजी बी बातमी धाडनार हाय बग. कावळा बसला म्हनून. बगू तू कामधाम टाकून यायलास का." मी म्हणायचो, येतो ना, मांजरपाट घेऊनच येतो. मामी दोघांना शिव्या घालायच्या. ही थट्टा पाच-सहा वर्षं चालली. मग एके दिवशी सकाळी मी एका विनोदी सिनेमाच्या सेटवर, पोटाला उशी बांधून, मिशा चिकटवून घेत बसलो होतो, आणि फोन वाजला. कापड दुकानातला नंबर. मामींचा आवाज, कोरडा, सपाट. "भाच्या, मामा गेले रे." मी हसलो. खदाखदा हसलो, मामा. म्हणालो, "मामी, कावळा बसला का त्यांच्या डोक्यावर? सांगा त्यांना, मी लई रडायलोय म्हणून!" फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तो किस्सा सेटवर सगळ्यांना सांगितला, सगळे हसले, आणि मी उशी सावरून कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या शेठजींनी फोन केला, की आज राख सावडली, तुमची वाट बघितली. तेव्हा मला कळलं.

बावीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की मला ती बातमी खोटी वाटली, माझा काय दोष? पण मामा, खोटी वाटली तरी रडायचं काम माझं होतं ना? रीतच तशी आहे. समजा तुमच्या डोक्यावर खरंच कावळा बसला असता आणि बातमी माझ्याकडे धाडली असती, तर तुमचा जीव माझ्या रडण्यावर होता. समोर भाचा जिता दिसत असताना तुम्ही पुरतं रडून घेतलंत, आणि मी, रडण्याचे पैसे घेणारा माणूस, फुकटात मला दोन थेंब काढता आले नाहीत. तेराव्याला आलो तेव्हा माझं तोंड सुकलेलं होतं. लोक म्हणाले, फार धक्का बसलाय. कुणीतरी विचारलं, फोन का लागला नाही? मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, "लागलाच न्हाई. म्या दोनदा लावला." त्या दिवसापासून त्यांनी ते खोटं माझ्यासाठी सांभाळलं आणि मी ते सांभाळू दिलं.

गेल्या महिन्यात परभणीत माझा सत्कार होता. आदल्या दिवशी पालमला गेलो. मामी आता पंच्याऐंशीच्या आहेत, कान तिखट, गुडघे गेलेले. चहा झाल्यावर मी म्हणालो, "मामी, त्या दिवशी फोनवर मी हसलो होतो."

"ठावं हाय की. माज्याच कानात हसलास."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मयत दारात, समदे इचारायलेत, भाचा कवा यायलाय. हसला म्हनून सांगू का? लोकांनी तुला जिंदगीभर खाल्ला असता."

मी म्हणालो, तुम्ही रागावला असाल. त्यांनी बराच वेळ गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "राग मागून आला. आदी न्हाई. म्या डोळ्यांनी बगून आले व्हते, तरी तू हसलास ना, तवा मला वाटलं, ह्यो शिकलेला, मुंबईत ऱ्हानारा, मामा-भाच्याची थट्टा बी चालतीया, ह्याला ठावं असंल. खोटंच असंल हे. त्यांनीच काही सोंग केलं असंल. म्या फोन ठिवला आन घराकडं पळत सुटले. निम्म्या वाटंपतोर बिनघोर व्हते बग. दारात मानसं दिसली तवा कळलं." पुढे म्हणाल्या, "तेवढी निम्मी वाट मला लय बरं वाटलं. कुनाला सांगितलं न्हाई ते बी." मग मला म्हणाल्या, आणखी चहा ठेवू का. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तर म्हणाल्या, "उट, गुडगा दुखतो."

दुसऱ्या दिवशी मामींना पहिल्या रांगेत बसवलं. व्यासपीठावर मला विचारलं, ते सुतळीचं तुम्हाला कुठून सुचलं? मी परदेशी पुस्तक बंद केलं. सांगितलं, की ते माझं नाही, पालमच्या एका शिंप्याचं आहे, माझ्या मामाचं, आणि ते त्यांनी माझ्याच मरणावर रडताना केलं होतं. कावळ्याची, मांजरपाटाची, तीन गाड्यांची सगळी गोष्ट सांगितली. आपल्याकडची माणसं, त्यांना कावळ्याचं समजावून सांगावं लागलं नाही. फोनचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायला मामींची परवानगी नव्हती, आणि माझ्यात तेवढं बळही नव्हतं. मामी घरी जाताना म्हणाल्या, त्यांचं नाव घेतलंस, लय चांगलं केलंस, पण आता सुतळी बस कर, दुसरं काही काढ.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमचा पत्ता नाही, आणि मामींना वाचून दाखवलं तर म्हणतील, एवढा कागद कशाला नासलास. तेव्हा हे इथंच राहील. तुमच्या रडण्यावर मी नऊ वर्षांचा होतो तो साठी ओलांडलेला झालो, त्याचे आभार मानले, हसलो ते कबूल केलं. आता फक्त एक राहिलं. मामींच्या त्या निम्म्या वाटेचं लिहिताना मला रडू आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, घरात कुणी नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, तुमच्यासाठी. मी पेन ठेवलं आणि येऊ दिलं. पण मामा, तुमच्यापासून काय लपवायचं? मधेच उठलो आणि न्हाणीघरातल्या आरशात बघून आलो, कसा दिसतो ते.